रक्तातला वास

निवृत्त झाल्यापासून मला सगळे एकच विचारतात, तिथं काम करताना भीती नाही वाटायची का? त्यांच्या डोळ्यांसमोर कवट्या असतात, विषाच्या बाटल्या असतात, रक्ताळलेले सुरे असतात. यातलं बरंचसं आमच्या सरकारी प्रयोगशाळेत यायचंही. पण माणसाला कशाचीही सवय होते. एका खोलीत कुणाचं तरी जठर बरणीत घालून ठेवलेलं असायचं आणि शेजारच्या खोलीत आम्ही डबे उघडून मेथीची भाजी खायचो. मला खरी भीती वाटली ती एका जिवंत बाईच्या रक्ताची. तेही दोन चमचे रक्त, रबरी बुचाच्या छोट्या बाटलीत आलेलं.

मी मूळची गंगापूर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि औरंगाबादला (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागले. हळूहळू माझ्याकडे चटकन उडून जाणाऱ्या पदार्थांचं टेबल आलं. दारू, रॉकेल, पेट्रोल, क्लोरोफॉर्म आणि ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते हॅलोथेन. पहिले तीन पदार्थ रोजचे होते. भुलीचं औषध मात्र क्वचित यायचं, आणि ते शोधणं सगळ्यांत अवघड.

त्याचं कारण सांगते. विष पोटात गेलं की ते कुठं ना कुठं राहतं. भुलीचा वायू श्वासावाटे येतो, रक्तात मिसळतो, माणसाला झोपवतो आणि पुन्हा श्वासावाटेच निघून जातो. रक्त काढायला उशीर झाला, बाटली अर्धी भरली, बूच सैल बसलं, वाहतुकीत ऊन लागलं, की तो गेलाच. उरतो तो इतका थोडा की शोधणाराच वेडा ठरावा. पण हिंगाची डबी रिकामी केली तरी झाकण उघडल्यावर वास येतोच की नाही? आमची पद्धत तशीच. आलेल्यातलं थोडं रक्त दुसऱ्या बाटलीत घ्यायचं आणि ती बंद बाटली कोमट करायची. रक्तातला वायू वर येऊन बुचाखालच्या मोकळ्या जागेत जमतो. सुईनं ती हवा ओढून घ्यायची आणि यंत्रात सोडायची. यंत्रात एक लांब, गुंडाळलेली नळी असते. प्रत्येक पदार्थ त्या नळीतून आपापल्या चालीनं बाहेर पडतो, कुणी लवकर, कुणी उशिरा. तो बाहेर पडला की कागदाच्या पट्टीवर चालणारं पेन वर उचललं जातं आणि पुन्हा खाली येतं. त्या उंचवट्याला आम्ही इंग्रजीतल्यासारखं 'पीक', म्हणजे शिखर, म्हणायचो. शेतकऱ्याच्या पोरीला त्या शब्दाचं सुरुवातीला फार हसू यायचं. आमच्याकडं पीक आलं की घरात आनंद व्हायचा. इथं पीक आलं की कुणीतरी तुरुंगात जायचं.

हा प्रसंग ज्या उन्हाळ्यातला, त्या उन्हाळ्यात सगळं शहर घाबरलेलं होतं. चोरांची एक टोळी आली आहे, ती खिडकीतून गुंगीचा फवारा मारते, घरातली माणसं मेल्यासारखी पडतात आणि सकाळी उठून बघावं तर घर धुऊन नेलेलं, अशी बातमी पसरली होती. ही बातमी कुठून आली ते कुणालाच सांगता आलं नाही. क्रांती चौकातल्या पानटपरीवर ती ऐकावी आणि घरी येईपर्यंत तिच्यात दोन नवी माणसं बेशुद्ध पडलेली असावीत. गल्लोगल्ली पहारे बसले. हातात काठ्या घेऊन बसलेली ती पोरं बघून चोरापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटायची. ओळख पटवून देईपर्यंत भल्या माणसाची पाचावर धारण बसायची.

चोरी झाली की लोक पोलिसांना सांगायचे, आम्हाला फवारा मारला. मग रक्त माझ्या टेबलावर यायचं. एकामागून एक बाटल्या आल्या आणि एकीतही भुलीचं औषध निघालं नाही. एका कापडदुकानदारानं आपल्याला गुंगी दिल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या रक्तात दारूचा असा उंच डोंगर आला की पेन पट्टीच्या काठाला जाऊन धडकलं. आम्ही खूप हसलो.

हसणं प्रयोगशाळेत. घरी मी एकटी होते. माझे मालक फर्दापूरला पर्यटकांच्या विश्रामगृहावर नोकरीला, आठवड्यातून एकदा यायचे. घरात मी आणि दोन लहान मुलं. एक खोली भरून माणसं झोपवायची तर किती बाटल्या औषध लागेल, हे मला कागदावर मांडून दाखवता आलं असतं. उघड्या खिडकीतून फवारा मारून कुणी बेशुद्ध होत नाही, असं मी शेजारणींना समजावून सांगत होते. आणि एवढं सांगून झाल्यावर घरी येऊन त्या उकाड्यात खिडक्या गच्च लावत होते. मुलं घामानं भिजून रडायची. मी पदरानं वारा घालायची, पण खिडकी उघडायची नाही.

अशात शहरातल्या छावणी भागात चोरी झाली. एका भाड्याच्या खोलीत सासू आणि सून झोपलेल्या होत्या. मुलगा एस.टी.त ड्रायव्हर, तो गाडी घेऊन बाहेरगावी. सकाळी उठून बघतात तर ट्रंक उघडी, आत काढून ठेवलेलं सुनेचं मंगळसूत्र आणि सासूच्या पाटल्या गेलेल्या. दोघींनाही चाहूल लागली नव्हती. सुनेचं डोकं भयंकर दुखत होतं, तिला मळमळत होतं. गल्लीत आरडाओरडा झाला आणि त्याच वेळी सायकलवरून अन्वर आला.

अन्वर अत्तर विकायचा. सायकलच्या मागं लाकडी पेटी, पेटीत लहान लहान कुप्या. छावणीच्या बाजारात त्याला सगळे ओळखत होते. त्या सकाळी मात्र लोकांना फक्त कुप्या दिसल्या. त्याच्याकडं गुंगीचं अत्तर आहे असं कुणीतरी म्हणालं आणि पुढं कुणी काही विचारलं नाही. पोलीस पोचेपर्यंत त्याचा उजवा हात मोडलेला होता.

तपास फौजदार लोखंडे यांच्याकडं होता. माणूस परभणीकडचा, कामाला चोख. रक्ताच्या बाटल्या सहसा शिपाई आणतो. या वेळी ते स्वतः घेऊन आले. सकाळीच दवाखान्यात नेऊन दोघींचं रक्त काढलं होतं, बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या, बर्फात ठेवून आणल्या होत्या. इतका चांगला नमुना मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. अन्वरच्या कुप्याही होत्या. लोखंडे म्हणाले की ठाण्यासमोर माणसं जमून बसली आहेत. अन्वरला आमच्या ताब्यात द्या म्हणतात.

मी आधी कुप्या तपासल्या. वाळा, मोगरा, चंदनाचं तेल. दुसरं काही नाही. मग सासूचं रक्त लावलं. पेन सरळ रेघ मारत गेलं. मी सुनेचं रक्त लावलं आणि खात्रीनं, अगदी कंटाळून, खुर्चीत बसले.

पेन उचललं गेलं.

फार नाही, नखाएवढंच. पण ज्या जागी हॅलोथेन यायला हवं त्याच जागी. मला पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या टेबलावर क्लोरोफॉर्म वापरतात, तोही या जागेच्या जवळपासच निघतो, त्याची हवा आत गेली असेल. मी नुसती हवा सोडून बघितली, रेघ सरळ. माझंच रक्त काढून लावलं, रेघ सरळ. सासूचं पुन्हा लावलं, सरळ. सुनेचं पुन्हा लावलं आणि पेन पुन्हा तिथंच, तेवढंच उचललं गेलं. मग कपाटातलं शुद्ध हॅलोथेन अगदी कणभर घेऊन शेजारी चालवलं. दोन्ही उंचवटे एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत जुळले.

म्हणजे हे खरं होतं. कुणीतरी खरंच या शहरात भुलीचं औषध घेऊन फिरत होतं. मी शेजारणींना जे सांगत होते ते सगळं खोटं होतं, आणि माझी मुलं त्या वेळी शेजारच्या आजींकडं दार उघडं टाकून खेळत होती. मी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं आणि तडक घरी गेले. मुलांना कवटाळून बसले तेव्हा धाकटीनं विचारलं, आई, तुला ताप आला का?

दुसऱ्या दिवशी मन थोडं ताळ्यावर आलं तेव्हा पहिला प्रश्न पडला. दोघी एका खोलीत झोपल्या होत्या, दोघींच्या मध्ये हातभर अंतर. हवा एकच. मग एकीच्या रक्तात वायू आणि दुसरीच्या रक्तात मागमूस नाही, हे कसं? लोखंड्यांना विचारलं तर ते म्हणाले की चोरानं सुनेच्या नाकाशी फडकं धरलं असेल. तेही होऊ शकत होतं. औषध इतकं थोडं का, याचं उत्तरही त्यांच्या बाजूनं देता येत होतं. भूल उतरली, बाकीचं श्वासावाटे निघून गेलं, शिल्लक तेवढं राहिलं. माझ्या पट्टीवरचा तो उंचवटा एवढंच सांगत होता की आहे. कधी आलं, कुठून आलं, कुणी दिलं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

आमचे साहेब सज्जन होते, पण जुन्या वळणाचे. पोलिसांनी विचारलंय की भुलीचं द्रव्य आढळतं का. आढळतं. तेवढं लिहा, पुढचं कोर्ट बघेल, असं त्यांचं म्हणणं. नियमाप्रमाणं ते बरोबरही होतं. पण ते एक खरं वाक्य लिहायला माझा हात धजेना. "सुनेच्या रक्तात हॅलोथेन आढळले." हे वाक्य ठाण्याबाहेर पडलं की कोर्टापर्यंत जायचीही गरज उरली नसती. अन्वरला लोकांनीच संपवलं असतं. पण लिहिलं नाही आणि खरोखरच कुणी औषध घेऊन फिरत असला, तर पुढच्या घरात कुणी झोपेतून उठलंच नसतं. हॅलोथेन जास्त झालं तर माणूस जातो. दोन्ही बाजूंनी कुणाचा तरी जीव माझ्या पेनाखाली होता.

दुपारी फाटकाशी एक म्हातारी बसलेली दिसली. अन्वरची आई. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आत एक बाई रक्त बघते आणि तिच्या सांगण्यावर सगळं आहे. पहारेकरी तिला हाकलत होता. मी तिच्याशी बोलायला नको होतं, नियमात ते बसत नाही. पण ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बेटी, मेरा अन्वर अत्तर बेचता," ती म्हणाली. "नींद की दवा कैसी रहती, उसकू मालूम भी नै. उसका हाथ टूट गया. अब उसकू मारो नक्को बोलो."

मग ही दवा रोज कुणाच्या आसपास असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला. मी आत आले आणि लोखंड्यांना फोन लावला. विचारलं की ही सून करते काय? ते म्हणाले, एका खाजगी रुग्णालयात सिस्टर आहे. कोणत्या विभागात, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तपासात ते विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. मी साहेबांकडं गेले. ते म्हणाले की फौजदारांबरोबर जा, पण तिथं कागदावर काही लिहू नका.

सुनेचं नाव मंदा. सडपातळ, डोळ्यांखाली काळं, जेमतेम पंचविशीची. रजेवर घरीच होती. लोखंडे बाहेर थांबले. एक महिला पोलीस आणि मी आत गेलो. मी विचारलं आणि ती म्हणाली, ऑपरेशन थिएटरमध्ये असते. भूल देणारे डॉक्टर एकटेच, त्यांना कधी कधी दोन टेबलं बघावी लागतात. तेव्हा पेशंटच्या उशाशी, मशीनजवळ, तीच उभी असते. गार हवेसाठी दारं-खिडक्या बंद असतात. मशीनमधून बाहेर पडणारा वायू कुठं जातो, असं मी विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, तिथंच खोलीत. गोडसर वास येतो. आता तिला तो जाणवतही नाही.

डोकं त्या दिवशीच दुखत होतं का, हा माझा पुढचा प्रश्न. मंदाच्या आधी सासूच बोलली. म्हातारीला ऐकायला कमी येत होतं, पण हे नेमकं ऐकू गेलं.

"त्या दिशीच कशाचं? रोज सांजच्याला डोकं धरूनच येती व्हय ही. लई महिने झाले. दिष्ट लागलीय म्हणून मी मीठ-मोहऱ्या उतरते, पर उतार नाय."

मला उत्तर मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण निघताना मंदा पाणी द्यायच्या निमित्तानं मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि हलक्या आवाजात बोलली. तिचे दोन गर्भ पडले होते, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. आता पुन्हा दिवस गेले होते आणि अजून तिनं घरात सांगितलं नव्हतं. पुन्हा तिसराच महिना चालू होता.

"मॅडम, ते त्या गॅसनं झालं असेल का?"

मी रसायनं ओळखणारी बाई. पोटातल्या गर्भाबद्दल मला काय ठाऊक? परदेशातल्या थिएटरांतल्या बायकांबद्दल अशी शंका घेतल्याचं मी वाचलं होतं, पण शंकाच. मी म्हटलं, "मला माहीत नाही, मंदा. खोटं सांगणार नाही. पण तुझ्या रक्तात तो आहे, हे मी बघितलंय."

ती भिंतीला टेकली. मी तिला पुढचं सांगितलं. तो वायू कामावरचाच आहे हे सिद्ध करायचं तर थिएटरातल्या सगळ्यांचं रक्त तपासावं लागेल. ती घाबरून म्हणाली की रुग्णालयाच्या मालकांना कळलं तर तिला काढून टाकतील. नोकरी कायम नव्हती. खोलीचं भाडं तिच्या पगारातून जायचं. मी आग्रह केला नाही. करायला तोंडच नव्हतं, कारण गमावायचं होतं ते सगळं तिचं. ती भिंतीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "मी त्या अत्तरवाल्याला गल्लीत बघितलंय, एवढंच सांगितलं होतं. त्यानं मला बेशुद्ध केलं असं मी कधी म्हटलंच नाही. ते लोकांनी म्हटलं. घ्या तुम्ही रक्त."

भूलतज्ज्ञांचं नाव निकम. पन्नाशी ओलांडलेले, शहरात नाव असलेले डॉक्टर. माझं बोलणं ऐकून ते आधी भडकले. मशीन सुस्थितीत आहे, जगात सगळीकडे असंच चालतं, पोलिसांच्या भानगडीत रुग्णालयाला ओढू नका, असं बरंच बोलले. मी मंदाच्या पडलेल्या गर्भांची गोष्ट सांगितली नाही, ती तिची होती. फक्त विचारलं, संध्याकाळी तुमचं डोकं दुखतं का? डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग स्वतःच बाही वर केली आणि माझंही घ्या म्हणाले.

डॉक्टरांचं, मंदाचं आणि थिएटर पुसणाऱ्या मदतनिसाचं रक्त काम संपल्यावर घेतलं. मंदा त्या दिवशी कामावर परतली होती. तुलनेसाठी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या एका सिस्टरचंही घेतलं, जी थिएटरात कधी जात नसे. लोखंड्यांनी स्वतः उभं राहून बाटल्यांवर सील केलं. हे सगळं होईपर्यंत ठाण्यासमोरची गर्दी वाढलेली होती आणि अन्वरला लोखंड्यांनी गुपचूप दुसऱ्या ठाण्यात हलवलं होतं.

वॉर्डातल्या सिस्टरचं रक्त आधी लावलं. सरळ रेघ. मदतनिसाचं लावलं, पेन थोडं उचललं. मंदाचं लावलं, चोरीच्या सकाळपेक्षा दुपटीनं वर गेलं. शेवटी डॉक्टरांचं. ते सगळ्यांत उंच. लोखंडे माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "सुटला बिचारा." मीही हसले असेन. पण पेन जेवढं वर चढत होतं तेवढा अन्वर सुटत होता आणि तेवढीच ही माणसं अडकत होती. चोर असता तर पकडता आला असता. हा वायू पगार देऊन, दारं लावून, रोज त्यांच्या छातीत भरला जात होता आणि त्यावर कोणतंही कलम लागत नव्हतं.

अहवालात मी दोन्ही लिहिलं. हॅलोथेन आढळले. तसेच ते थिएटरात काम करणाऱ्या, चोरीशी संबंध नसलेल्या व्यक्तींच्या रक्तातही आढळले, आणि त्याच खोलीत झोपलेल्या सासूच्या रक्तात आढळले नाही. साहेबांनी वाचलं, एक शब्द बदलला नाही, सही केली.

अन्वर सुटला. पण अहवाल गल्लीत वाचला जात नाही. छावणीत त्याला पुन्हा उभं राहता येईना. लोक म्हणायचे, पैसे चारून सुटला. त्याची आई त्याला घेऊन जालन्याला आपल्या भावाकडं गेली. हात वाकडाच जुळला होता आणि त्या हातानं सायकल सांभाळता येत नव्हती, असं लोखंड्यांकडून कळलं. खरा चोर काही दिवसांनी पाटल्या मोडायला गेला आणि सापडला. तो त्याच खोलीतला जुना भाडेकरू होता. दारातच बसवलेल्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडं राहिली होती. फवारा नव्हता, फडकं नव्हतं. म्हातारीला ऐकू येत नव्हतं आणि सून दमून, जड डोक्यानं झोपली होती. पुढं शहरात दुसरी कसली तरी अफवा आली आणि माझ्या टेबलावर पुन्हा दारूच्या केसेस सुरू झाल्या. माझ्या खिडक्या मात्र बरेच दिवस बंदच होत्या.

डॉ. निकमांनी रुग्णालयाच्या मालकांशी भांडण केलं. मशीनमधून बाहेर पडणाऱ्या वायूसाठी एक नळी बसवून ती भिंतीतून बाहेर काढली. मंदाला काढू दिलं नाही, बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलं. तिथं पगार कमी होता. पुढचे महिने मी तिची खबर विचारायचं टाळत होते. विचारलं आणि वाईट कळलं तर काय करायचं, या भीतीनं. एक दिवस लोखंडेच सांगून गेले की मुलगी झाली, धडधाकट आहे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पण त्या पोरीच्या धडधाकट असण्यावरून मागच्या दोघांचं काही सिद्ध होत नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं.

पोर वर्षाची झाली असेल तेव्हा मंदा मला छावणीच्या आठवडी बाजारात भेटली. पोर कडेवर. म्हणाली की मला थिएटरात परत बोलावलंय, पगार वाढवून देतायत, जाऊ का? मी तिला सगळं नीट सांगितलं. नळी बसवलीय, मशीन दुरुस्त झालंय, डॉक्टर काळजी घेतात, आता धोका पुष्कळ कमी आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची पोरगी असती तर पाठवली असती?"

मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पोर दुसऱ्या कडेवर घेतली आणि वांगी निवडायला लागली.

पुढच्याच महिन्यात ती थिएटरात रुजू झाली. तिच्या नवऱ्याच्या गाडीला अपघात होऊन तो घरी बसला होता, हे मला मागाहून कळलं. कळलं तेही डॉ. निकमांकडून. त्यांनी रुग्णालयातर्फे रीतसर पत्र देऊन तिघांचं रक्त पाठवलं होतं, थिएटरातली हवा आता ठीक आहे का हे पडताळायला. साहेबांनी परवानगी दिली.

मंदाची बाटली मी सगळ्यांत शेवटी लावली. मी खुर्चीत बसले नाही. पेन सरळ चाललं होतं. ती जागा जवळ आली तेव्हा मी पट्टीवर वाकले. पेन केसभर उचललं गेलं, जरा रेंगाळलं आणि खाली आलं. आमच्या नियमाप्रमाणं एवढ्याला 'आढळले नाही' लिहायचं असतं. मी तसं लिहिलं आणि त्यावर सही केली.

मग टेलिफोन उचलला. डॉक्टर नव्हते, फोन मंदानंच घेतला. तिनं माझा आवाज ओळखला आणि नमस्कार वगैरे काही न म्हणता विचारलं, "आहे का?"

"कमी आहे," मी म्हटलं. "पण आहे."

पलीकडं कुणीतरी तिला हाक मारली, पेशंट आत घेतलाय म्हणून. आले, असं म्हणून तिनं फोन ठेवला.